गार्डीणकाकूंची तुंगी

चिडल्याशिवाय गार्डीणकाकूंना पुस्तकाचं एक पान वाचता येत नसे. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांत आम्हां बायकांपैकी सलग वाचता येणारी ती एकटीच बाई. नवरा गार्ड, म्हणून ती गार्डीणकाकू. दुपारी आम्ही सुपं, शिवण, तान्ही पोरं घेऊन त्यांच्या ओट्यावर जमायचो आणि काकू चष्मा पुसतापुसताच लेखकाला फैलावर घ्यायच्या. "मेल्यानं पुन्हा पौर्णिमा आणलीय! चार पानांमागं अमावस्या होती ना गं?" आम्ही म्हणायचो, होती. मग काकू त्याची पौर्णिमा रद्द करायच्या आणि अंधारातच पुढं वाचायच्या.

गार्डकाका मनमाडहून, म्हणजे आमच्या संस्थानाबाहेरच्या इंग्रजी हद्दीतून, पुस्तकं आणत. त्यातलीच ती समुद्रातल्या किल्ल्याची कादंबरी. किल्ल्यात एक राजपुत्र कैदेत, त्याला सोडवायला निघालेला सरदार आणि सरदाराला तुफानातून पैलतीरी नेणारी नावाडीण तुंगा. आमची तुंगी! आता आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लेखकानं तुंगीला तिसऱ्याच प्रकरणात बुडवून मारली होती. आम्हांला ते ठाऊक नव्हतं, काकूंना होतं. काकूंचं माहेर गंगाखेडचं, गंगेच्या काठचं. पुराच्या पाण्यात नाव घालणाऱ्या बायका त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या. ते पान आलं तेव्हा त्या मधेच थांबल्या. मनातल्या मनात पुढचं वाचलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या आणि मग मोठ्यानं वाचत्या झाल्या. त्या वाचनात तुंगी पोहत किनाऱ्याला लागली.

तिथून पुढं तटावर चढली ती तुंगी, पहारेकऱ्याला गुंगारा दिला तो तुंगीनं, राजपुत्राच्या बेड्या तोडल्या त्याही तिनंच. सरदार आपला खाली दोरी धरून उभा. कादंबरी संपली की आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचो आणि दर वेळी तुंगी काहीतरी नवीन करायची. आम्हांला वाटायचं, मागच्या खेपेला आपलंच लक्ष नव्हतं.

रुक्मीण म्हणजे पॉइंट्समनची बायको. आवाज असा, की मालगाडीचा ड्रायव्हरसुद्धा वळून बघेल. तिला मुलगी झाली तेव्हा तिनं कुणालाच विचारलं नाही. "तुंगाच नाव ठिवणार. माझी पोर कुणाला भ्यायची न्हाई," म्हणाली. बारशाच्या घुगऱ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. काकूंनीही खाल्ल्या.

पोर अंगणभर पळायला लागली, आणि मग कादंबरीवर सिनेमा निघाल्याची खबर आली. गार्डकाकांनी जाहिरातीचा कागदच आणला होता. त्या दिवसापासून क्वार्टरांत दुसरा विषय नाही! तुंगीचं लुगडं हिरवं की निळं, यावरून दोघी जणी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. सिनेमावाल्यांनी कुणा नाजूक नटीला घेतलं तर काय, या धास्तीनं रुक्मिणीला घास गोड लागेना. "तुंगीचे दंड पायजेत बघा, दंड! वल्हं मारायचंय तिला," असं ती नळावर येणाऱ्या प्रत्येकीला बजावायची.

फक्त काकू खूश नव्हत्या. "सिनेमावाले चांगल्याचं वाटोळं करतात. कशाला जायचं?" असं त्या चार-चारदा म्हणाल्या. खरं सांगून टाकावं असं त्यांना वाटत असणार. पण रुक्मीण अंगणातून "तुंगेऽऽ" अशी हाक मारायची आणि काकूंचं तोंड मिटायचं.

परभणीला सिनेमा लागला, दुपारचा जनाना शो होता. आम्ही डबाभर बायका दशम्या बांधून निघालो. काकूंना रुक्मिणीनं हाताला धरून गाडीत चढवलं.

काय सांगू तुम्हांला त्या सिनेमाचं! पडद्यावरच्या तुंगीच्या केसांत गजरा. वल्हं असं धरलेलं, जसं काही हळदीकुंकवाचं तबक. वादळ आलं तर ही बया गाणं म्हणायला लागली, आणि गाणं संपता संपता बुडाली. बुडाली ती बुडालीच. सरदार काठावर बसून रडतोय आणि त्याच्याही तोंडी गाणं.

"ए, उठ की गं!" रुक्मीण बाकावर उभी राहिली. "ती मरंलच कशी? किल्ला कोन चढनार?" फायरमनची बीबी ओरडली, "तुंगी कू मार डाले रे, हरामखोरां!" मीही ओरडले. सगळ्या क्वार्टरांनी मिळून असा कल्ला केला, की खेळ थांबवावा लागला. तेव्हा आमच्या मागं खुर्चीवर बसलेली एक वकिलीणबाई पुढं वाकली. "गप्प बसा हो. पुस्तकात असंच आहे. मरते ती," म्हणाली. तिच्या त्या थंड बोलण्याचा मला आजही संताप येतो. रुक्मीण गरजली, "काकू, सांगा हिला!"

काकू मान खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यानं आम्हांला काय ते कळलं.

परतीच्या गाडीत काकूच म्हणाल्या, "मारलीच होती त्यानं. का, तर सरदाराला रडायला मिळावं! मला राग आला. नावाडीण बाई अशी बुडत नसते गं. मी नाही मरू दिली."

"मंग मला सांगायचं न्हाई?" रुक्मिणीचा आवाज फाटला. "बुडून मेलेल्या बाईचं नाव ठिवलं की वो मी लेकीला! घुगऱ्या खाल्ल्या, आन् गप बसलाव?"

दुसऱ्याला शब्दाशब्दाला धारेवर धरणारी ती बाई खिडकीकडे तोंड करून बसून राहिली.

स्टेशनातल्या पुरुषांना तर आयतंच कोलीत मिळालं. काकूंना ते 'थापाडीण' म्हणू लागले. आमचे हे तारबाबू. जेवताना हसत म्हणाले, "बायकांनी कादंबऱ्या वाचल्या की असंच व्हायचं." मी वाढायचं पातेलं तिथंच आपटलं आणि उठून गेले. अरे, तुम्ही कुणी आम्हांला एक ओळ तरी वाचून दाखवली होती का कधी? त्या बाईनं आपला घसा फोडून आम्हांला समुद्र दाखवला. पूर्णेत बसून, समुद्र!

ओटा मात्र सुना पडला. संक्रांतीला रुक्मीण काकूंच्या दारावरून गेली, तिळगूळ घेतला नाही. पोरीला ती आता 'छबे' म्हणायची. पोर काही ओ द्यायची नाही आणि धपाटे खायची.

वैशाखात संस्थानातली धामधूम वाढली. गावं लुटल्याच्या बातम्या रोज यायच्या. ज्यांचं हद्दीपलीकडे कुणी होतं, ते बायकापोरांना तिकडे धाडू लागले. गार्डकाकांनीही काकूंना मनमाडकडे भावाच्या घरी पाठवायचं ठरवलं. स्वतः ते ड्यूटीवरच राहणार होते. रस्त्यात गाडी नीट जाईल की नाही, याची खात्री कुणालाच देता येत नव्हती. आम्ही फलाटावर रडत होतो आणि काकू आम्हांलाच रागावत होत्या, "पुरे! मी काय सती चाललेय?"

शिट्टी झाली. गाडी हलली. तेवढ्यात रुक्मीण पोरीला फरफटत, गर्दीतून कोपरं मारत आली आणि डब्याबरोबर पळायला लागली.

"काकू! तुंगी जित्ती हाय का न्हाई, तेवढं सांगून जावा!"

काकूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. चेहरा रागानं लाल, अगदी ओट्यावर असायचा तसा. त्यानंतर काकू मला कधी दिसल्या नाहीत. त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते एवढंच.

"मरायला काय धाड भरलीय तिला!"

गाडी सिग्नलपलीकडे जाईपर्यंत रुक्मीण तिथंच धापा टाकत उभी होती. मग पदरानं नाक पुसून तिनं पोरीच्या पाठीत एक धपका घातला.

"बगत काय ऱ्हायलीस? चल घरला, तुंगे."