रंगानं बुजलेलं भोक

माझी शेवटची पोस्टिंग नगरच्या छावणीत, एका वर्कशॉपमध्ये होती. घर मिरजगावला, एसटीनं दीड तासावर. हुद्दा हवालदार, काम गाड्यांच्या इंजिनांचं. साडेपाचला पीटी, साडेसातला फॉल-इन, आठला हातात पाना. सतरा वर्षं हेच.

रेझिंग डेला, म्हणजे युनिटच्या स्थापनादिनी, एक जुनी पेट्रोल जीप परेडमध्ये चालवायची, असा हुकूम आला. लढाईत गेलेली गाडी. कित्येक वर्षं क्वार्टर गार्डसमोर, पहाऱ्याच्या चौकीपुढे, चौथऱ्यावर उभी होती. मागच्या बाजूला त्याच लढाईतले एक सुभेदार साहेब बसणार होते. वय नव्वदीच्या जवळ, पाय गेलेले, त्यामुळे व्हीलचेअरसकट. ड्रायव्हर नाईक दत्तू खामकर, काष्टीचा. वय एकतीस.

तिसऱ्या प्रयत्नाला जीप सुरू झाली आणि लगेच खाली पेट्रोल ठिबकू लागलं. दत्तू वाकून बघत म्हणाला, "उस्ताद, काष्टीच्या बाजारात असली गाय कुनी फुकट बी नेनार न्हाई."

"तू चालव. दूध मी काढतो."

गळती फ्युएल पंपाची होती हे दिसत होतं. पंपात कुठून, ते दिसत नव्हतं. पेट्रोल जिथून गळतं तिथे थांबत नाही, सगळ्या अंगावर पसरतं. मी पंप कोरडा पुसला. दत्तूनं रिक्रिएशन रूममधून कॅरमची पावडर आणली. ती पंपावर भुरभुरली आणि इंजिन फिरवलं. वरच्या काचेच्या वाटीची कड कोरडी राहिली. पावडर ओली झाली ती खाली, पंपाच्या पोटाजवळच्या बारीक भोकापाशी.

हे भोक कारखान्यानं मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आत रबरी कापडाचा पडदा खालीवर हलतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढतो. पडदा फाटला की पेट्रोल या भोकातून बाहेर येतं आणि मेकॅनिकला कळतं. भोक बंद असेल तर तेच पेट्रोल आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बाहेर थेंब दिसत नाही.

पंप उतरवला. दोन्ही भागांवर कानशीनं खूण केली, स्क्रू काढले. पडदा पापडासारखा कडक होऊन तडकला होता. स्पेअर मागवला, गाडी यादीतून केव्हाच बाद, असं उत्तर आलं. नगरच्या बाजारातून रबर चढवलेलं कापड आणलं, जुन्या पडद्यावरून दोन थर कापले. व्हॉल्व्ह साफ केले. पंपाचा दांडा दाबून धरला आणि स्क्रू समोरासमोरचे आवळत गेलो, म्हणजे पडद्याला ताण बसत नाही. चार वाजता जीप सुरू केली. वीस मिनिटं चालली. पावडर कोरडी.

दत्तू म्हणाला, "म्हातारी तरनी झाली की."

मी गाडी फिट असल्याची सही केली.

पुढे जे झालं ते फौजेतच होऊ शकतं. आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या आधी जे जागेवर उभं असेल त्याला रंग लागतो. झाडाचे बुंधे, दगड, बादल्या. बॉनेट उघडून दाखवायचं ठरलं, म्हणून इंजिनही रंगवायचा हुकूम आला. पंप मी स्वतः रंगवला. हिरव्या रंगाचे दोन हात. ब्रश भोकावरून गेला. भोक बुजलेलं मी पाहिलं. टाचणीनं मोकळं करायला दहा सेकंद लागले असते. मला वाटलं, माझा पंप आता गळत नाही.

रिहर्सलच्या आदल्या सकाळी दत्तू तेल मोजायची डिपस्टिक हातात घेऊन आला.

"उस्ताद, तेल वाढलंय बगा. बोटभर."

"तेल कधी वाढतं का रे? कुणीतरी टॉप-अप केलं असेल."

"मी कुनाला हात लावू देत न्हाई. वास बी येतोय."

"रंगाचा वास आहे तो. परेड झाल्यावर बघू."

"बरं उस्ताद," तो म्हणाला.

वाढलेलं तेल म्हणजे फाटलेला पडदा, हे मी रिक्रुटांना शिकवत होतो.

रिहर्सल सकाळी ८ वाजता सुरू झाली. सुभेदार साहेब मागे बसले होते; व्हीलचेअर हलू नये म्हणून ती जीपला दोरानं बांधली होती. मी मैदानाच्या कडेला, कंट्रोलच्या वायरलेस सेटपाशी होतो; सेटवर परेडचे अधिकारी बोलत होते. ८ वाजून ४० मिनिटांनी दत्तूचा आवाज आला.

"कंट्रोल, व्हिक्टर थ्री. बॉनेटमधून धूर. ओव्हर."

"थ्री, कंट्रोल. लाइन सोडू नका. ओव्हर."

समोर मांडवात शाळेची मुलं बसली होती. मागे दोन गाड्या होत्या.

"थ्री लाइन सोडतोय. आऊट."

त्यानं जीप मोकळ्या मैदानात नेली. बाजारच्या कापडाचा माझा पडदा फाटला होता; पेट्रोलमुळे पातळ झालेल्या तेलाची वाफ गरम एक्झॉस्टवर पेटली होती. दत्तू उतरला, मागे चढला आणि दोर कापू लागला. आम्ही एक्स्टिंग्विशर घेऊन धावलो. आम्ही पोहोचायच्या आत त्यानं सुभेदार साहेबांना उचलून खाली टाकलं होतं. त्यांचा खांदा मोडला, जीव वाचला. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. दत्तू उतरत असताना ती पेटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी तो हॉस्पिटलमध्ये वारला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिल्या दिवशी दोन मुद्दे पुढे आले. ड्रायव्हरनं गाडीची नीट तपासणी केली नाही. ड्रायव्हरनं आदेश मोडला. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्याकडे सरकत होता. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पडदा, रंग, डिपस्टिक.

मेजर साहेबांनी विचारलं, "हवालदार, याचे परिणाम माहीत आहेत?"

"आहेत, साहेब. लिहून घ्या."

मला शिक्षा झाली, ती योग्य होती. तपासणीचा दोष दत्तूवरून निघाला. आदेश मोडल्याचं वाक्य मात्र तसंच राहिलं. ज्या आदेशानं ती आग मुलांसमोर उभी राहिली असती, तो कोणी दिला हे कागदावर कुठेच नाही. तो सेटवरच्या अधिकाऱ्यानं दिला, ते मी इथे लिहितो.

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काष्टीला गेलो. दत्तूचे वडील तात्या ओट्यावर बसले होते. बायको सुनीता दारात उभी होती. गावात बोललं जात होतं की दत्तूनं गाडी बघितलीच नाही, म्हणून मेला. मी दोघांना खरं काय ते सांगितलं.

तात्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं तुला सांगितलं हुतं?"

"व्हय, तात्या."

सुनीता म्हणाली, "मला बी फोनवर म्हनले हुते. तेल वाढलंय, पन काळजी न्हाई, उस्ताद बगतील."

मग तात्यांनी टोपी घातली. "आज बाजार हाय. आमाला सांगितलंस ते तितं सांग."

आम्ही बाजारातल्या पारापर्यंत चालत गेलो. तात्यांनी माझं मनगट धरलं होतं. सोडलं नाही. लोक जमले. मी सावधान उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "नाईक दत्तात्रय खामकर यानं गाडी तपासली होती. दोष त्यानं शोधला होता. तो मी ऐकला नाही."