सातवी वाटी

आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतं, हे मला तळमजल्यावर बसून कळतं. काय शिजत नाही, तेही कळतं. त्यामुळे दीनानाथ बापटांची ही हकीकत निव्वळ ऐकीव समजू नका. बरीचशी जिन्यात कानांवर पडली, उरलेली त्यांनी स्वतः माझ्यासमोर बसून सांगितली. माझ्यासमोर बसलेला माणूस सांगतोच.

दीनानाथराव एका बँकेच्या लॉकर विभागात होते. दोन किल्ल्यांचा माणूस. एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची, आणि दोन्ही फिरल्याशिवाय कप्पा उघडत नाही. हे तत्त्व निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातून गेलं नाही. दाराबाहेर अडकवलेल्या दुधाच्या पिशवीला कुलूप लावणारा पुण्यातला हा एकमेव माणूस असावा. चपलांच्या कपाटालाही होतं, पण तसे आणखी दोघे-तिघे सापडतील.

अशा माणसाला क्रिप्टोचा नाद लागला याचं लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. जिथे बँक नाही, मॅनेजर नाही, फक्त किल्ली आहे आणि ती आपल्याच हातात आहे, असा पैसा त्यांना आवडणारच. निवृत्तीच्या रकमेतला एक तुकडा त्यांनी त्यात घातला. बायकोला, म्हणजे हेमाताईंना, सांगितलं नाही. "गुपित दोघांत गेलं की ते गुपित राहत नाही," हे त्यांचं वाक्य. ते बायकोलाही लागू आहे, हे बायकोला माहीत नव्हतं एवढंच.

वारज्याची टेकडी उतरली की कोपऱ्यावर मिसळीचं दुकान आहे. तिथे दर रविवारी सकाळी तिघांची बैठक बसे. दीनानाथराव, हिंजवडीला नोकरी करणारा राकेश, आणि साईनाथ. साईनाथ इथलाच, जुन्या वारज्यातला. त्याच्या ज्वारीच्या रानात आता सातमजली इमारत उगवली आहे. क्रिप्टो म्हणजे काय हे मला तिघांनीही समजावून सांगितलं आहे. तिघांनीही वेगवेगळं.

"साईनाथ, तुझा पासवर्ड सांग."

"असा कसा सांगू, काका?"

"नको सांगूस, मीच सांगतो. बैलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन."

साईनाथचा घास हातातच राहिला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तुझ्या मोबाइलवर बायकोचा फोटो नाही, बैलाचा आहे. चोराला आणखी काय लागतं?"

"काका, पण ओटीपी येतो ना," राकेश मध्ये पडला. "डबल सेफ्टी."

"तो सिमवर येतो. उद्या तुझ्या नावानं दुसऱ्यानं सिम काढलं, तर ओटीपीही त्याच्याकडे. तुम्हा इंजिनिअर लोकांचं दार भक्कम असतं, फक्त खिडकी लावायची राहते."

असं चालायचं. पण सगळ्यांत मोठा वाद बारा शब्दांचा. या पैशाची खरी किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. पैसे ज्या पेनड्राइव्हएवढ्या यंत्रातून हाताळायचे ते हरवलं, मोडलं, तरी हे शब्द असले की सगळं परत मिळतं. ते दुसऱ्याच्या हाती लागले, तर त्यालाही सगळं मिळतं. मग ते ठेवायचे कुठे?

"मी मेलमध्ये ठेवलेत," राकेश म्हणाला.

"छान. गुगलला सांगितलंस, आता पेपरातही दे."

"आमी देवाच्या फोटोमागं चिकटवल्यात," साईनाथ म्हणाला. "देव राखनदार हाय."

"आणि वाळवी? तिला देव दिसतो का?"

दीनानाथरावांची युक्ती निराळी होती. कागद जळतो, भिजतो. पोलाद जळत नाही. घरात पोलाद कुठे असतं? स्वयंपाकघरात. हेमाताईंच्या बारा वाट्यांचा संच त्यांनी रविवार पेठेत भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेला आणि प्रत्येक वाटीवर एकेक इंग्रजी शब्द घालून आणला. कडेखाली बारीक ठिपके, पहिलीला एक, दुसरीला दोन, असा क्रम. आपल्याकडे भांड्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची नावं असतात, वाचतो कोण?

हेमाताईंनी वाचलं. "हे काय, टायगर? लेमन?"

"ओवीसाठी," दीनानाथराव म्हणाले. ओवी म्हणजे खराडीला राहणारी त्यांची चार वर्षांची नात. "जेवता जेवता इंग्रजी शिकेल."

हेमाताई हरखल्या. भेटेल त्याला सांगत सुटल्या, "आजोबांना नातीची हौस बघा!" जो तो कौतुक करी, आणि दीनानाथराव मान खाली घालून हसत. लोकांना तो विनय वाटला.

आता समोरच्या घराचं सांगतो. तिथे कौशल्याबाई शिरोळे राहतात. दोन्ही दारं समोरासमोर, आणि वीस-बावीस वर्षं या दारातून त्या दारात वाट्या-डबे चालू. इकडून आमटी गेली की तिकडून ठेचा यायचा. रिकामं भांडं कधी परत गेलं नाही. काहीच नसलं, तर चमचाभर साखर. दीनानाथरावांनी फर्मान काढलं, की ओवीच्या वाट्या बाहेर जायच्या नाहीत. हेमाताई म्हणाल्या, "सोन्याच्या आहेत का?" पण त्यांनी ऐकलं. समोर जाताना जुनी भांडी जाऊ लागली.

मग दीनानाथरावांना मोह झाला. एवढी नामी युक्ती केली आणि कुणाला दाखवायची नाही, हे पुणेरी माणसाला कसं जमणार? एका रविवारी त्यांनी एक वाटी पिशवीतून मिसळीच्या दुकानात नेली. "एका शब्दाला काही किंमत नाही," असं बजावून टेबलावर मांडली. दोघंही थक्क झाले. तेवढ्यात पोऱ्या जादा तर्री घेऊन आला आणि रिकामी वाटी दिसली म्हणून त्यानं तीत ओतली. साईनाथनं ती भुरकली. वाद रंगला होता, बिल देण्यावरून ओढाओढी झाली, आणि तिघं उठले. वाटी तिथेच राहिली. हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. दीनानाथरावांना ते कळायला पुढे फार उशीर झाला.

वाटी नाही हे ध्यानात आलं तेही त्यांच्या आणखी एका खोडीमुळे. यंत्राचा पिन ते सुरक्षिततेसाठी वरचेवर बदलत. एके दिवशी त्यांना नवा आठवेना. जुना टाकला, त्याआधीचा टाकला, मग ओवीचा वाढदिवस टाकला. चुका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, आणि यंत्रानं, चोरच समजून, स्वतःला पुसून टाकलं. काही हरकत नाही, बारा शब्द आहेत. दीनानाथरावांनी मांडणीवरून वाट्या उतरवल्या, ठिपके बघून ओळीनं लावल्या. सहावीनंतर आठवी आली.

"हेमा, एक वाटी कुठाय?"

"असेल कौशल्याकडे. चुकून गेली असेल, येईल उद्या-परवा."

उद्या-परवा! निवृत्तीचा तुकडा शेजारणीच्या मांडणीवर पडलाय आणि ही म्हणते उद्या-परवा. दीनानाथराव तडक समोर गेले. कौशल्याबाईंनी दार उघडलं. सून तनुजा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. नुकतंच लग्न झालेलं, अजून सासूकडे बघून बसायची-उठायची.

"जरा मांडणी बघतो," म्हणत दीनानाथराव थेट स्वयंपाकघरात. मोबाइलचा टॉर्च लावला आणि एकेक वाटी उलटी करून बघू लागले.

"भाऊजी, काय शोधताय?"

"आमची वाटी."

"अहो, मग मला सांगायचं. इकडे असेल तर मी आत्ता—"

"असेल तर नाही, आहेच. आमच्या घरातून भांडं दुसरीकडे जात नाही."

तनुजाचं टाइप करणं थांबलं. कौशल्याबाई पदराला हात पुसत राहिल्या. वाटी मिळाली नाही. निघताना दीनानाथराव दारात वळले. "मी कुणावर आळ घेत नाही. पण नेलेली वस्तू परत करायची असते, एवढं आपल्याकडे पाळावं."

संध्याकाळी तनुजा एक टोपली घेऊन आली. वीस-बावीस वर्षांत त्या घरी राहून गेलेलं बापटांचं सगळं: दोन झाकणं, एक गाळणं, एक डबा, हेमाताई केव्हाच विसरून गेल्या होत्या ती पितळी पळी. सगळं घासूनपुसून लखलखीत.

हेमाताईंनी डब्याचं झाकण उघडलं. "हे काय गं, रिकामाच?"

"आईंनी असंच द्यायला सांगितलंय, काकू." पोरगी खाली बघूनच बोलली आणि गेली.

हेमाताई आत वळल्या. "काय बोललात तुम्ही तिला?"

"काही नाही. चौकशी केली."

त्या दिवसापासून दोन्ही दारं लागली. फोडणीचे वास पूर्वीसारखेच एकमेकांत मिसळत, पण भांडं काही जाईना. हेमाताई माझ्या दारावरून भाजीला जाताना हसायच्या बंद झाल्या, तेव्हाच मी ओळखलं.

शेवटी दीनानाथरावांनी राकेशला घरी बोलावलं. हेमाताई बाहेर गेलेल्या. अकरा वाट्या टेबलावर, आणि मास्तर विद्यार्थ्यासमोर मान खाली घालून. "अकराच आहेत रे. गेलं सगळं."

राकेशनं लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं. "काका, सातवाच ना? मग चिल. हे शब्द वाटेल ते नसतात. एक ठरलेली यादी असते, साधारण दोन हजार शब्दांची. सातव्या जागी एकेक घालून बघू. जो बसेल तो तुमचा."

चहा निवायच्या आत झालं. राकेशनं बाराही शब्द यंत्रात घातले आणि इंटरनेट पुन्हा जोडलं. "आलं! बॅलन्स बघा. सगळं जसंच्या तसं आहे. सातवा शब्द गार्लिक." मग तो थांबला. "अरे, ही तर तुम्ही मिसळीला आणली होती ना? साईनाथनं तर्री घेतली तीच. तिथेच राहिली वाटतं!"

गेलेले पैसे परत आल्यावर माणसाचा चेहरा असा उतरलेला राकेशनं कधी पाहिला नव्हता.

"एक शब्द हरवला तरी चालतो, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, काका. तुम्हीच म्हणता ना, कुणाला काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दीनानाथराव मिसळवाल्याकडे गेले. त्यानं मागच्या टबाकडे बोट दाखवलं, "ही सगळी पडलीत. शोधा." साबणाच्या पाण्यात शंभरेक वाट्या. दीनानाथरावांनी वाकून एक उचलली, उलटी केली, आणि तशीच परत सोडली. कौशल्याबाईंच्या मांडणीवर अशाच वाट्या उलट्या केल्याचं हाताला आठवलं म्हणे. टबात पुन्हा हात घालवेना. न शोधताच परतले.

घरी आमटी ताटात, भातावरच घ्यायला लागले. वाटी पुढे आली की नजर वळवायची. "पोटाला बरं नाही," म्हणत. हेमाताईंनी ओवा दिला. ओवा घेऊन जाणारं दुखणं नव्हतं ते. समोरच्या दाराची कडी वाजली की हे आत थांबत, कौशल्याबाई खाली उतरून जाईपर्यंत. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "काय दीनानाथराव, क्रिप्टो पडलं वाटतं?" ते म्हणाले, "नाही. वर गेलं." आणि असे बघत राहिले, की माझी चेष्टा माझ्याच तोंडात राहिली.

अखेर एका दुपारी त्यांनी हेमाताईंना सगळं सांगितलं. पैसे, शब्द, वाट्या, मिसळ. पैशांबद्दल बाईंनी एक अक्षर विचारलं नाही.

"ओवीचं नाव कशाला घेतलंत?"

दीनानाथराव चष्मा पुसू लागले.

"मी साऱ्या सोसायटीत कौतुक सांगत फिरले. आणि कौशल्याला तुम्ही चोर ठरवलंत, मी घरात असताना." त्या उठल्या. "मला ऐकवून हलकं व्हायचं नाही. समोर जा."

समोर गेले. कौशल्याबाईंनी दारातच ऐकून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

"चूक माझी होती," दीनानाथराव म्हणाले. "वाटी मीच विसरलो. पायाशी बसून माफी मागा म्हणालात, तर तीही मागतो."

"माझं राहू द्या. तुम्ही बोललात, मी भांडी पाठवली, आपलं फिटलं. पण बोललात ते माझ्या सुनेसमोर. पोरगी नवीन आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी जपून वागते. मी काही सांगावं, तर सासू स्वतःचीच वकिली करते असं व्हायचं." त्यांनी दाराला हात लावला. "तिला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

तनुजाची कंपनीची बस हिंजवडीच्या गर्दीत अडकली की कधी येईल, हे देवालाही सांगता येत नाही. दीनानाथराव ऊन उतरायच्या आधीच फाटकापाशी येऊन उभे राहिले. मी खुर्ची देऊ केली, घेतली नाही. बसमागून बस गेली. शेवटी तनुजा उतरली, पाठीवर सॅक, कानात वायर. हे पुढे झाले. ती दचकली.

त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, आवाज न चोरता. मला ऐकू आलं म्हणजे बघा. "तुझ्या सासूबाईंनी आमची काडीही कधी घेतली नाही. मीच वाटी विसरलो आणि मीच बोललो. तुला काही वाटलं असेल, तर ते माझ्यामुळे."

तनुजानं कानातली वायर काढली. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, मी त्या दिवसापासून माझ्या कपाटाला कुलूप लावून ऑफिसला जाते. माझ्या आईनं दिलेले दागिने आहेत त्यात. आईंनी बघितलंय कुलूप. रोज बघतात. एका शब्दानं बोलल्या नाहीत मला."

कपाटाला कुलूप लावणाऱ्या माणसाचं दीनानाथरावांनी एरवी तोंड भरून कौतुक केलं असतं. आता त्यांनी बाजूला सरून तिला वाट करून दिली. तनुजा लिफ्टसाठी थांबलीच नाही, जिन्यानं धावत गेली.

ते फाटकाचा गज धरून उभे राहिले. मी म्हटलं, "चला, काम झालं. वर जायचं नाही का?"

"जाईन," ते म्हणाले. "ती आधी पोचू दे."