तात्यांची गाझातली ड्यूटी

तात्या गेल्याचा चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घरी दाढी करत होतो. अर्धी झाली होती. तशीच तोंड पुसून इंदापूरची वाट धरली. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, ऐंशी उलटलेले माजी सैनिक. टीव्हीसमोरच्या खुर्चीतच गेले... बातम्या चालू होत्या म्हणे.

गेली दोन वर्षं त्या घरात रिमोटवरून रोज खडाजंगी व्हायची. सूनबाईंना मालिका हवी असायची, तात्यांना गाझा. पडद्याला नाक लावून ते पडलेल्या भिंती बघत बसायचे. एकदा मी चेष्टेत म्हणालो, "तात्या, तितं सोयरीक जुळवायची हाय का?" ते हसले नाहीत. "वळख हाय एक," म्हणाले, आणि साठ वर्षांत जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगू लागले.

विशीत असताना ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर गाझात होते. इस्रायलची सीमा म्हणजे जमिनीत ओढलेली एक उथळ चर. "आपल्यात बांध कोरत्यात, तसलंच. फकस्त लई मोठं." चरीशी रोज एक म्हातारा येऊन बसायचा. अठ्ठेचाळीसच्या लढाईत गाव सोडून पळालेला. त्याचं रान चरीपलीकडं डोळ्यांना दिसायचं, त्यात दुसराच कुणी ट्रॅक्टर चालवायचा. "आन् सांगू का, त्योबी चांगलाच नांगरायचा," तात्या म्हणाले. मी इतिहासाचा मास्तर. पलीकडच्या ज्यूंपैकीही बरेच जण युरोपातल्या कत्तलीतून जीव वाचवून आलेले, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "मग त्यांनी तरी कुठं जायाचं, रं?"

सदुसष्टात लढाईची कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यानं खुणेनं विचारलं, आता काय? तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "फिकर मत करो, हम हैं." आठवड्याभरात निघायचा हुकूम आला. ट्रक त्याच्या दारावरून गेला. तो नातवंडांना घेऊन उभा होता. तात्यांनी तोंड फिरवलं. पुढं लढाई झाली, आणि म्हाताऱ्याचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही.

मला एकदम माझं ऑपरेशन आठवलं. सगळे धीर देत होते, तात्या मात्र पायाशी नुसते बसून राहिले होते. तेव्हा मला फार राग आला होता.

"तात्या, हुकूम हुता. तुमचा काय दोष?"

"हुकूम सरकारचा. शब्द माजा हुता."

जाण्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला कागद घ्यायला लावला. "त्याला लिही. पोचायचं न्हाय, ठावं हाय मला. तरी लिही." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आम्हाला जावं लागलं. तुम्ही दारात होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं... बस, एवढंच. पत्र संपवताना हाताच्या सवयीनं मी पुढं लिहिलं, 'काळजी नसावी', आणि सगळं वाचून दाखवलं.

तात्या ताडकन उठून बसले. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोड ते आदी. त्येच तर बोललो हुतो त्याला."

मी रेघ मारली. पत्र आता माझ्या कपाटात आहे, पाकिटावर पत्ता नाही. अधूनमधून काढून बघतो. रेघ एकच मारली होती, खालची अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात.