टॅबलेटमधली फुप्फुसं

नेहरू नगरातल्या आमच्या शाळेत टॅबलेट आले आणि माझं तोंड बंद झालं. टॅबलेट बाकासमोर धरला की पडद्यावर त्याच बाकावर गुलाबी फुप्फुसं तरंगायची, फुगायची, आकसायची, आणि आतली बाई फाडफाड इंग्रजीत धडा सांगायची. मी विज्ञानाची शिक्षिका, उरले चार्जर सांभाळायला. वर्गात हिंदी बोलायचं नाही, असा प्रिन्सिपलसाहेबांचा हुकूम होता. शाळा सुटल्यावर हिंदीत समजावायला अर्धा तास तेवढा मी भांडून मिळवला होता.

सातवीतली एक मुलगी त्या अर्ध्या तासावरच तगून होती. अशोका गार्डन वस्तीतून यायची, पाचवीपर्यंत हिंदी शाळेत शिकलेली. तिच्या नानीला, कारखान्यातून विषारी गॅस शहरभर पसरला त्या रात्रीपासून, दम लागायचा. "मैडम, नानी के फेफड़े ठीक हो जाएँगे ना?" तिने एकदा विचारलं. फुप्फुसांचा धडा झाला की नीट सांगते, म्हटलं.

धडा सुरू झाला त्याच आठवड्यात चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतले एक बडे साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे पाठांतर आलंच. ही पोरगी रोज मधल्या सुट्टीत टॅबलेटला कान लावून बसली आणि त्या बाईचं अख्खं बोलणं तिने घोकून टाकलं. साहेबांसमोर घडाघडा म्हणून दाखवलं, तेही बाईच्याच सुरात. मध्येच "व्हेरी गुड, नाऊ टॅप द लंग्ज" हेसुद्धा! मला हसू आवरेना. मग शेवटचं वाक्य आलं: फुप्फुसं एकदा कायमची खराब झाली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. तेही ती इंग्रजीत, गोड हसून बोलली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी.

"देखा मैडम? अब हिंदी की क्या ज़रूरत?" प्रिन्सिपल म्हणाले, आणि उद्यापासून तो अर्धा तास बंद. संतापले, पण नोकरी होती. टॅबलेट गोळा करून चार्जरला लावले.

शाळा सुटल्यावर ती धावत आली. "मैडम, लास्ट लाइन पे सबने ताली बजाई! आज नानी को सुनाऊँगी. उसका मतलब क्या है?"

नानीपुढे तिने ते हसत म्हणावं, हे मला सोसवेना. तिला शेजारी बसवलं आणि हिंदीत अर्थ सांगितला.

तिने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"ये मैंने बोला?"