अर्ध्यावर थांबणारा कोलम

चेन्नईत गिंडीच्या एका छोट्या कारखान्यातून करवून घेतलेली मेमरीची डबी हातात पडली आणि मी बसमध्येच ती नाकाला लावली. नव्या सर्किट बोर्डाचा वास! पन्नाशी उलटलेली बाई असं करते का, म्हणून शेजारची टकामका बघत होती. बघू दे. शाळेत असल्यापासून मी या डबीची वाट बघत होते.

तेव्हा मामाने परदेशातून घरी एक कॉम्प्युटर आणला होता. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. त्यावर मी आईचा मोठा कोलम, म्हणजे दारात काढायची पिठाची रांगोळी, प्रोग्रॅम करून लिहिला. ठिपक्यांभोवती फिरत फिरत सुरुवातीला परत येणारी एकच अखंड रेघ, तिने स्वतः रचलेली. ती फरशीवर पीठ सोडत सांगायची, "आतां डावीकडे वळव," आणि मी टाइप करायची. पण यंत्राची मेमरी एवढीशी! सगळा कोलम टाइप करून कॅसेटवर साठवला, पण चालवला की अर्ध्यावर मेमरी संपली असं सांगून ठप्प. जादा मेमरी इथे कुठे मिळायला? शेवटी यंत्र कपाटात गेलं.

आता आईची बोटं आखडली आहेत. मागच्या मार्गळीत, दारोदारी मोठे कोलम काढायच्या महिन्यात, तिला म्हटलं, तू सांग, मी काढते. तिला सांगताच येईना.

"हात चालला की आठवायचं गे," ती म्हणाली. "आतां हातच चालत नाही."

कागदावर तो तिने कधीच काढला नव्हता. उरला होता फक्त माझ्या कॅसेटवर. मग मी हट्टालाच पेटले.

शनिवारी दुपारी अण्णा नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळं मांडलं. यंत्राच्या मागच्या खाचेत डबी बसवली, बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या चौकटींची खिचडी. काढून पुन्हा लावली, तेच. मला रडूच फुटायचं बाकी होतं. खाचेत टॉर्च मारला, तर आत पिवळट थर! खंडेनवमीच्या आयुधपूजेला घरातल्या प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकू लागतं. कपाटातल्या ह्यालाही दरवर्षी लागलं होतं.

"पण मागे का लावलंस?"

"पुढें लावलं तर बटणांत जाईल म्हणून," आई फणकारली. "मला इतकं कळत नाही की काय?"

हसून हसून माझं पोट दुखलं. खोडरबराचा तुकडा आत सरकवून धातूच्या पट्ट्या घासल्या, चकचकीत होईपर्यंत. डबी लावली. पडदा स्वच्छ!

प्रोग्रॅम यंत्रात भरताना कॅसेट किंचाळू लागली तशी आईने कानांवर हात ठेवले. मग रेघ निघाली. नेहमी थांबायची तिथे आली आणि पुढे गेली! मी ओरडलेच. आई खुर्ची ओढत ओढत टीव्हीपाशी पोचली.

"हां, आतां वर. आतां त्या दोघांच्या मधून. मग खालीं उतरायचं."

रेघ तिच्या मागून जात होती. आई आधी सांगायची, मग रेघ वळायची, आणि एकदाही तिचं चुकलं नाही. मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. शेवटचं वळण घेऊन रेघ सुरुवातीला येऊन मिळाली.

"पुन्हा लावते!" म्हणून मी हात पुढे केला, तोच तिने मनगट धरलं. रोज पहाटे कालचा कोलम झाडून टाकणारी माझी आई.

"पुसूं नको," ती म्हणाली. "आज राहूं दे."