अकरा मूर्च्छा आणि एक फॉर्म

असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून पुस्तक वाचलं की पानांवर तेलाचे डाग पडतात, तसे ते आपोआप पडत जातात. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्षी आमच्याकडे इतके पडले, की शेवटी मी ते वहीत उतरवायचे ठरवले. मला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते. हजेरीच्या वेळीसुद्धा "हजर" म्हणण्याआधी मला दोनदा घसा साफ करावा लागतो.

आम्ही चौघी. विमलच्या वडिलांची कापसाची अडत. ती गोरी, नाजूक, आणि तिचे डोळे कायम भरायच्या बेतात. कमलच्या घरचा गावाबाहेर फुलांचा मळा. ती पहाटे उठून हार करायची आणि मग शाळेत यायची. शांताचे वडील कचेरीत शिपाई, आई निंदणाला जायची. शांता वर्गात पहिली. आणि चौथी मी. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेमागे एक निंब होता, त्याच्या सावलीत आमची बैठक असे.

वाचनालयात माझ्या नावावर आठवड्याला एक कादंबरी मिळायची. ती चौघींत फिरायची. कमल हार करता करता वाचायची, त्यामुळे तिने कुठवर वाचले ते पानाला लागलेल्या झेंडूच्या पिवळ्या रंगावरून कळायचे.

सगळ्या कादंबऱ्यांत मुलगी एकच असे. नाव तेवढे बदलायचे. ती सुंदर, बहुधा आई नसलेली, आणि तिला काही म्हणजे काही करता येत नसे. तिला तहान लागली की नायक पाणी आणेपर्यंत ती ताटकळायची. हवे ते मागायचे नाही, त्याने ते डोळ्यांत ओळखायचे. त्याने नाही ओळखले तर ताप. तापानेही नाही ओळखले तर मूर्च्छा.

शांताने गणिताच्या कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला होता. मूर्च्छा, ताप, पाय मुरगळणे, असे रकाने. आसवांचा रकाना घालायला ती तयार नव्हती. म्हणाली, त्याला लॉगॅरिथमचे पुस्तक लागेल.

एका कादंबरीत अकरा मूर्च्छा निघाल्या. तो आमचा उच्चांक. विमल डोळे पुसत म्हणाली, किती प्रेम असेल तिचे. कमल भाकरीचा तुकडा चावत विचारात पडली होती. शेवटी तिने विचारले,

"पन इले घरी जेवाले देत नाई का वं कोनी?"

*

मराठीच्या बाईंनी एकदा निबंध दिला : माझी आवडती नायिका. या बाई सायकलवरून शाळेत येत, आणि त्यांची सायकल पंक्चर झाली तर त्या स्वतः हातात धरून ढकलत नेत. आजवर त्यांच्या मदतीला कोणी आलेले आम्ही पाहिले नाही आणि त्यांनी वाट पाहिलेलीही पाहिली नाही.

विमलने चार पाने लिहिली. तिची नायिका नदीत पडते आणि वाहत जाता जाता त्याचे नाव घेत राहते. बाईंनी खाली तांबड्या शाईत एकच ओळ लिहिली : "नाव घ्यायला तोंड उघडले की पाणी जाते. हिला पोहायला शिकवावे."

माझा निबंध म्हणजे या सगळ्या नायिकांची उभी-आडवी चेष्टा होती. बाईंना तो आवडला. त्यांनी मला उभे करून मोठ्याने वाचायला सांगितले. मी उभी राहिले. वही धरली. पहिला शब्द "या" होता. तो काही आला नाही. शेवटी शांताने माझ्या हातातून वही घेतली आणि तिने निबंध वाचला; वर्ग पोट धरून हसला.

बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "छान झोडपलं आहेस तिला. एक राहिलं. तिचंसुद्धा सगळं दुसरंच कोणीतरी बोलत असतं."

मी खाली बसले.

*

दिवाळीनंतर विमलचा मामा अकोटहून स्थळ घेऊन आला. जिनिंगवाले लोक, मुलगा एकुलता एक. लग्न वैशाखात करायचे ठरले. मॅट्रिकची परीक्षा त्याच्या आधी होती, पण परीक्षेचे काय, हे घरात कोणी काढलेच नाही. विमलला परीक्षेला बसायचे होते. हे तिने आम्हा तिघींना सांगितले, निंबाला सांगितले, वहीच्या कव्हरवर लिहिले. वडिलांना सांगितले नाही.

शाळेत फॉर्म वाटले गेले. पालकाची सही हवी, नाहीतर फॉर्म घेणार नाही, असे मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा बजावले. शांताचा फॉर्म दुसऱ्याच दिवशी भरून आला. सही करायला तिचे वडील कचेरीतून दुपारीच घरी आले होते, आणि सही करण्याआधी त्यांनी हात धुतले होते. विमलने आपला कोरा फॉर्म माझ्या दप्तरात ठेवायला दिला. घरी नेला तर कोणाला दिसेल, म्हणाली.

शांता म्हणाली, दिसावा म्हणूनच तर तो दिला आहे.

पण विमलचे म्हणणे, बाबांनी आपण होऊन ओळखायला हवे. आपल्या मुलीचे मन बापाला कळत नाही का? त्यासाठी तिने अन्न सोडले. ते कसे सोडायचे हे तिला नीट माहीत होते : ताटावर बसायचे, एक घास चिवडायचा, खोल सुस्कारा टाकायचा आणि उठायचे. दोन दिवस तिने हे केले. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने तिला नीट न्याहाळले, जवळ बोलावले, डोळ्यांत पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली.

आणि वाटीभर एरंडेल पाजले.

चौथ्या दिवशी विमल शाळेत आली नाही. त्याचे कारण कादंबरीत छापता येणार नाही.

*

मग ठरले पत्राचे. विमलने रडत रडत सांगितले आणि मी लिहिले, कारण माझे अक्षर चांगले. "तीर्थरूप बाबांच्या चरणी" पासून सुरुवात. दोन पानांत आम्ही दिवा, वात, पिंजरा, पक्षी असे सगळे आणले. परीक्षेला बसू द्या, हे वाक्य शेवटून दुसरे होते. मला तेव्हाच वाटले की ते पहिले हवे. पण मी बोलले नाही.

विमल म्हणाली, पत्रावर आसवांचे डाग हवेत. नेमकी त्या वेळी तिला आसवे येईनात. तेव्हा कमलने फुलांवर मारतात तसे हाताने पाणी शिंपडले. कमलचा हात सढळ. हे पत्र विमलने वडिलांच्या पानाच्या डब्याखाली ठेवले आणि खांबाआड उभी राहिली.

वडिलांनी पत्र उचलले. खिडकीकडे धरले. चष्मा लावला, काढला. मग हाक मारली,

"विमे, पाह्य वं, हे कोनाचं पत्र भिजून आलं? मले तं एक अक्षर लागून नाई राहिलं. वाच बरं."

म्हणजे पाहा. पत्र तिच्या हातात, बाप समोर, घरात दुसरे कोणी नाही, आणि वाचायला तोच सांगतो आहे. कादंबरीतल्या एकाही मुलीला इतकी सोय कधी मिळाली नसेल. विमलने पत्र शेवटपर्यंत मनात वाचले आणि म्हणाली,

"चांदूरच्या मावशीचं हाये. सारे खुशाल हायेत."

वडील शिस्तीचे. त्यांनी त्याच दिवशी उलट टपाली चांदूर रेल्वेला कार्ड टाकले, की तुमचे पत्र पोचले. मावशीने पत्र लिहिलेच नव्हते. तिला वाटले, अमरावतीत काहीतरी मोठे घडले आहे आणि हे लोक तिच्यापासून लपवताहेत. पुढच्या गाडीने ती आली. आठ दिवस राहिली, आणि जाताना विमलला रुखवताची झालर विणायला बसवून गेली.

*

शाळेची सहल पातूरच्या लेण्यांना गेली. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. लेणी पाहून सगळ्या उतरू लागल्या आणि विमलचा पाय मुरगळला. कादंबरीत पाय मुरगळतो तेव्हा वळणावर तो उभा असतो. इथे वळणावर एक शेळी होती.

विमल दगडावर बसली, पदर डोळ्यांना लावला आणि मला चालवत नाही म्हणाली. शांताने पाय दाबून पाहिला, सूज नव्हती. तिने एसटीची वेळ सांगितली आणि ती चालू लागली. मी कोणाच्या बाजूने बोलावे या विचारात उभी राहिले. शेवटी कमलने विमलला पाठुंगळी घेतले आणि पार खाली रस्त्यापर्यंत आणले. विमल तिच्या खांद्यावर डोके ठेवून सारखी मुसमुसत होती.

खाली आल्यावर बाईंनी विचारले, जड नाही झाली का गं?

"नाई बाई," कमल म्हणाली. "फुलाचं टोपलं याच्याहून जड रायते. पन टोपलं रडत नाई."

*

फॉर्म द्यायची शेवटची तारीख शनिवार होती. त्या सोमवारी विमल आली ती पांढरी पडून. लग्न वैशाखातले उचलून माघात घेतले होते. म्हणजे परीक्षेच्या आधी. का, ते तिला कळत नव्हते. ती तर महिनाभर आणखीच रडत होती, आणखीच कमी जेवत होती. तिने करायचे काहीच बाकी ठेवले नव्हते.

"बोलायचं बाकी ठेवलंस," शांता म्हणाली.

"तुला सोपं आहे."

"मला?" शांता म्हणाली, आणि तिने डब्याचे झाकण लावले.

विमलच्या मते आता एकच उपाय उरला होता. वडिलांसमोर मूर्च्छा. ते घाबरतील, तिला मांडीवर घेतील, बाळ तुला काय हवे म्हणून विचारतील, आणि मग मी फॉर्म पुढे करायचा. कमलच्या मळ्यात झेंडूच्या पोत्यांवर तालीम झाली. पहिल्यांदा ती हात टेकून पडली, दुसऱ्यांदा पडताना पातळ सावरले. तिसऱ्यांदा जमले. शांता बांधावर बसून भूमितीची प्रमेये म्हणत होती. पण शुक्रवारी संध्याकाळी आम्ही विमलकडे निघालो तेव्हा तीही आली.

विमलच्या आईने आम्हाला पाणी दिले. दोन फुलपात्री सारखी होती, तिसरा पेला वेगळा, कानाकोपऱ्यात ठेवलेला असतो तसला. तो शांतापुढे आला. ती म्हणाली, तहान घरूनच भागवून आले, आणि ओट्यावर बसून राहिली. तिथून तिला आतले सगळे दिसत होते.

वडील बाजारातून नुकतेच आले होते. तख्तावर बसून जोडे काढत होते. विमल त्यांच्यासमोर गेली. "बाबा," म्हणाली. ते वर पाहतात न पाहतात तोच ती पडली. तालमीपेक्षा चांगली पडली. फक्त जाता जाता पाण्याचा गडवा कलंडला आणि तिची वेणी भिजली.

मांडीवर कोणी घेतले नाही.

"अवं, धावा! पोट्टीले मिरगी आली!" वडील ओरडले. आमच्याकडे मिरगीला एकच औषध, ते तान्ह्या पोरालाही ठाऊक असते. त्यांनी पायातून नुकताच काढलेला जोडा उचलला आणि विमलच्या नाकाला लावला.

त्या जोड्याने दिवसभर कापसाचा बाजार तुडवला होता. बैलगाड्यांच्या मधून. मी मनात आकडे मोजत होते. विमलच्या पापण्या थरथरल्या, ओठ घट्ट मिटले. पाच. सहा. वडिलांनी जोडा आणखी दाबला. सात.

विमल ताडकन उठून बसली.

"तो जोडा काढा आंधी! अन् मले मॅट्रिकले बसाचं हाये!"

गडव्यातले उरलेले पाणी फरशीवरून वाहत तख्ताखाली गेले. आई सैपाकघराच्या दारात उभी, हाताला पीठ. विमल स्वतःच दचकली होती. पण आता सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. फॉर्म आहे, उद्या शेवटचा दिवस, सही पाहिजे, माघात लग्न झाले तर परीक्षा होत नाही, असे सगळे तिने एका दमात सांगितले. एकही आसू आले नाही.

मी दप्तरातून फॉर्म काढला. तोंडातून शब्द फुटला नाही, पण हात पुढे गेला.

वडिलांनी फॉर्म घेतला. ओट्यावरून शांता म्हणाली, "तिसऱ्या ओळीवर, काका. पालक लिहिलं आहे तिथं." त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग ओळ शोधली आणि तख्तावर ठेवून सावकाश सही केली. डाव्या हातात जोडा तसाच होता. शाई वाळेपर्यंत ते विमलकडे पाहत राहिले. मग म्हणाले,

"बाप्पा, मंग मयनाभर काहून रडून राहिली होती वं? जेवत नाई, बोलत नाई, सुस्कारे टाकते. मले वाटलं, पोरीले लगनाची घाई झाली. म्हनून तं म्या त्या अकोटवाल्याईच्या हातापाया पडून तारीक अलीकडं घेतली!"