कसंबाईंचा दाखला

कसंबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. मुलगी वर्गात पहिली आली तरी "हुशार आहेस" हे शब्द त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. "पेपर नीट सोडवलास," एवढंच. नापास झालेलीलाही मठ्ठ नाही, आळशी नाही. "अभ्यास उशिरा सुरू केलास," म्हणून पुढच्या पेपराला हात घालायच्या. आम्हाला ते मुळीच आवडायचं नाही. तेराव्या वर्षी कुणीतरी आपल्याला हुशार म्हणावं असं वाटतं. मला तर फारच वाटायचं.

हजेरीपटावर बाईंचं नाव वेगळं होतं, पण बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत सगळे त्यांना कसंबाई म्हणायचे. कारण कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला. "बाई, कमळ पडली." "कशी पडली?" "धाडकन पडली." "हं, आता समजलं." कमळ कोपर धरून रडते आहे आणि बाईंना आधी क्रियाविशेषण हवं, असा सगळा प्रकार. मग मात्र स्वतःच्या पदराने तिचं रक्त पुसायच्या.

त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या, आणि इंग्रजीतही त्यांचा जीव अडकला होता तो एकाच ठिकाणी. गुड कुठे आणि वेल कुठे, हार्ड आणि हार्डली यांत फरक काय, लेट आलेली मुलगी लेटली आली असं का म्हणायचं नाही. बाकी मास्तर मंडळी याचे तक्ते पाठ करून घेत. बाईंनी एके दिवशी तांब्या आणला, काठोकाठ भरला आणि कमळला तो हातात घेऊन वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. थेंब सांडला नाही. "लिहा, काय पाहिलंत ते." आम्ही सगळ्यांनी लिहिलं, शी इज अ केअरफुल गर्ल. बाई म्हणाल्या, "मुलगी कशी आहे ते तुम्हाला कुठे दिसलं? तुम्ही चालणं पाहिलंत. शी वॉक्ड केअरफुली." दुसऱ्या दिवशी पुन्हा कमळला उभं केलं, आणि या खेपेला कमळने अर्धा तांब्या पहिल्या बाकावर ओतला. "काल ज्यांनी केअरफुल गर्ल लिहिलं त्यांनी ते खोडा," बाई म्हणाल्या. "ज्यांनी केअरफुली लिहिलं त्यांना खोडायची गरज नाही. काल ती तशीच चालली होती." मी खोडणाऱ्यांत होते.

मी एकदा निबंधात लिहिलं, आय वर्क हार्डली. घरी आईबरोबर केळीच्या बागेत राबते, हे मला दाखवायचं होतं. बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवलं. "सुमन, याचा अर्थ तू जवळजवळ कामच करत नाहीस. तुझ्या हाताकडे बघून तसं वाटत नाही." माझ्या हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे आणि मी ते ओढणीखाली लपवायची. त्या दिवसापासून लपवले नाहीत, आणि हार्डलीही कधी चुकले नाही.

बहादरपूर गावच्या आम्हा मुलींसाठी त्यांचं एक खास उदाहरण होतं. केळं गोड लागतं, तिथे स्वीट म्हणायचं की स्वीटली? आम्ही हौसेने एलवाय जोडायचो. बाई हसायच्या. "केळं बिचारं काही करतं का? नुसतं असतं. जे काही करत नाही त्याला विशेषणावर भागवता येतं." त्या म्हणायच्या की आमच्या चुका आमच्या डोक्यातल्या नाहीत, आमच्या भाषेतल्या आहेत. आपण म्हणतो, ती चांगली गाते. आता बाई चांगली की गाणं चांगलं? आपण दोन्ही एकाच शब्दात उरकतो, आणि मग चांगलं गाणारी बाई चांगलीच असणार असं धरून चालतो.

हे सगळं त्यांच्या अंगात इतकं का मुरलं होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लग्नानंतर आठ महिन्यांत त्यांचे यजमान तापाने गेले. सासूने सामान दाराबाहेर ठेवलं आणि म्हणाली, पांढऱ्या पायाची. "एका शब्दात घराबाहेर काढलं मला," बाई म्हणाल्या. "मी त्या माणसाची शुश्रूषा किती केली, कशी केली, कुणी विचारलं नाही." एवढं बोलून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर तारीख घातली.

पण एवढ्यावरून बाईंना देवपण देऊ नका. त्यांच्या या हट्टाने माणसं पोळली आहेत. शाळा सोडताना जो दाखला मिळतो त्यात वर्तणुकीचा रकाना असतो. सगळीकडे तिथे "चांगली" लिहितात. बाई तो रकाना कोरा सोडायच्या आणि सोबत वेगळा अर्धा कागद जोडायच्या, मुलगी काय करते आणि कसं करते याचा. जुन्या मुख्याध्यापिका मुकाट्याने स्वतःच रकान्यात "चांगली" लिहून टाकत, म्हणून ते खपून जात होतं. माझ्याही दाखल्याला बाईंचा कागद होता. इंग्रजीत लिहिलेल्या तीनच ओळी. ही मुलगी बहादरपुराहून रोज चालत येते आणि वेळेवर येते. उत्तर पटकन देते, कधीकधी घाईने. विचारलं असता खरं सांगते. तो कागद दाखवून मला खंडव्याला ट्रेनिंगला प्रवेश मिळाला, आणि पुढे आमच्याच शाळेत इंग्रजीची तात्पुरती नोकरीही.

मी शिक्षिका होऊन परत आले तोवर नवा मध्यप्रदेश झाला होता. कालपर्यंत नागपूरला जाणारे कागद आता भोपाळला जायला लागले. पलीकडची वऱ्हाडातली माणसं मुंबई राज्यात गेली आणि आम्ही अलीकडे राहिलो. शाळेत जबलपूरकडच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांना बडी बहनजी म्हणायचं. आणि आम्हा सगळ्यांना बहनजी. त्यांच्याकडे बाई म्हणजे भांडी घासणारी. कसंबाई मात्र बहनजी या हाकेला ओ द्यायच्या नाहीत. "मला मुली वीस वर्षं बाई म्हणतात, आदराने म्हणतात," असं त्यांनी बडी बहनजींना तोंडावर सांगितलं. बडी बहनजी काही दुष्ट नव्हत्या. मला त्या पोटच्या मुलीसारखं वागवायच्या, डब्यातला पराठा अर्धा करून द्यायच्या.

पण जुन्या मुख्याध्यापिकांसारखे रकाने त्या स्वतः भरत नसत. ज्या वर्गशिक्षिका, त्यांनीच भरायचं. बाईंनी शकुंतला नावाच्या मुलीचा रकाना कोरा सोडला, आणि तिचा नर्सिंगचा प्रवेश अडला. तिचे वडील लूमवर काम करायचे, अंगावर सुताचा भुगा तसाच घेऊन ते शाळेत आले. "बाई, एक शब्द लिहा ना. अच्छी लिहा, चांगली लिहा, काय बी लिहा."

"मी अर्धा कागद लिहून दिलाय. एवढं कुणाबद्दल लिहिलं नव्हतं मी."

"तो कागद कोन वाचते वो बाई? त्यायले खान्यात शब्द पाहिजे. पोरीचं साल चाललं माह्या."

बाईंनी शब्द लिहिला नाही. शकुंतलाची जागा गेली. त्या दिवशी मला बाईंचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी तो शब्द लिहायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

त्याच सुमारास मराठी आणि हिंदी वर्ग एक करायचं ठरलं. इंग्रजीला दोघी कशाला, एक पुरे. बाई जुन्या, मी नवी आणि तात्पुरती, तेव्हा घरी मीच जायची. वडिलांनी स्पष्टच सांगितलं, "घरी बसलीस तं मले इच्छापूरचं स्थळ पक्कं करा लागन. मंग मले बोलू नको." इच्छापूरचा तो मुलगा मी पाहिला होता. मला ते लग्न नको होतं, मला फळ्यापुढे उभं राहायचं होतं. बाईंच्या पेन्शनला चार वर्षं राहिली होती, घरी म्हातारी आई होती, आणि दुसरं कुणी मिळवणारं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही.

बडी बहनजींनी एक कागद तयार केला. शकुंतलाच्या वडिलांची तक्रार जोडली आणि खाली सगळ्या शिक्षिकांच्या सह्या हव्या होत्या. कागदावर बाईंविषयी तीन शब्द होते. हठी, असहयोगी, अनुपयुक्त. "तुम तो उनकी छात्रा रही हो," बडी बहनजी म्हणाल्या, "तुम्हारे दस्तखत से बात पक्की हो जाएगी। फिर तुम भी पक्की।" तीन विशेषणं होती आणि क्रियापद एकही नव्हतं. हे मला पहिल्या नजरेत दिसलं, कारण ते बघायला मला बाईंनीच शिकवलं होतं. मी सही केली.

खंडव्याहून खात्याचे साहेब चौकशीला आले. म्हातारे होते, चष्मा सारखा पुसायचे. त्यांनी बाईंना कागद वाचायला दिला. बाईंनी सावकाश वाचला, खालच्या सह्यांसकट. मग आमच्या बुऱ्हाणपुरी हिंदीत म्हणाल्या, "साहब, इसमें मैंने किया क्या, वो किधर लिखा है? हठी लिखा है, तो हठ कब किया, कैसा किया?"

साहेबांनी चष्मा काढला. "सवाल तो ठीक है," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आप इनसे पढ़ी हैं। आप बताइए, ये पढ़ाती कैसा हैं?"

प्रश्न बाईंचाच होता. माझ्या डोळ्यांपुढे तो तांब्या आला, ते केळं आलं, चिकाने माखलेले माझे हात आले. एवढं जरी सांगितलं असतं तरी साहेबांनी कागद फाडला असता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. बडी बहनजी माझ्याकडे मायेने बघत होत्या. मी म्हणाले, "पुराने ढंग से, साहब।"

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. नवं राज्य, नवा अभ्यासक्रम, जुनी पद्धत. त्यांना तेवढं पुरलं. बाहेर व्हरांड्यात बाई माझ्याशेजारून जाताना थांबल्या. "वाक्यात चूक काहीच नव्हती, सुमन," म्हणाल्या. "शिकवते मी जुन्याच पद्धतीने." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

महिनाअखेरीस बाईंना कमी केलं, आणि त्यांनी मला चार्ज दिला. डिक्शनरी, डस्टर, खडूंची पेटी, आणि तो तांब्या, तो त्यांचा स्वतःचा होता तरी. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "बाई, मी फार वाईट आहे."

"वाईट!" बाई म्हणाल्या. "विशेषणावर केळ्याचं भागतं. तू काय केलंस ते सांग. आणि कसं केलंस ते."

 वर्गात एखादी मुलगी अडली की त्या वाट बघायच्या, तशी त्यांनी वाट पाहिली.  मग पिशवी उचलून गेल्या. चार दिवसांनी म्हाताऱ्या आईला टांग्यात बसवून स्टेशनवर गेल्या आणि भाचीकडे भुसावळला राहिल्या. त्या वयात तिकडच्या शाळेत कुणी घेतलं नाही, शिकवण्या करायच्या म्हणे. भुसावळ काही लांब नाही, गाडीने तास-सव्वा तास. मी गेले नाही. सहा वर्षांनी भाचीचं कार्ड आलं, दोन ओळींचं, बाई गेल्या म्हणून.

मी तिथेच बत्तीस वर्षं शिकवलं. कायम झाले, बडी बहनजीही झाले, आणि दाखल्याच्या प्रत्येक रकान्यात न चुकता "चांगली" लिहिलं. सेवानिवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, आदर्श, सुस्वभावी. हार गळ्यात घालून मी ते सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन पेटीतला तो अर्धा कागद काढला. शाई फिकट झाली आहे, पण तिसरी ओळ अजून वाचता येते. विचारलं असता खरं सांगते.

बाई, तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर उशिरा देते आहे. तुम्ही आम्हाला फार नीट शिकवत होतात. हे मला विचारलं गेलं, मला येत होतं, आणि मी सांगितलं नाही. त्या आधी त्या कागदावर मी सही केली. कशी केली? टाक दोनदा शाईत बुडवून, सावकाश, तुम्ही गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात. एक थेंबही सांडला नाही.